पहिल्या दिवशी चूल मांड

परवा संध्याकाळी तू ते पत्र घेऊन आलीस, ओट्यावर टेकलीस आणि पाण्याचा तांब्या तसाच ठेवून वाचायलाच लागलीस. गणिताची शिक्षिका, मालदीव, दोन वर्षांचा करार. वाचताना तुझा आवाज दोनदा बदलला. एकदा पगाराच्या आकड्यावर आणि एकदा बेटाच्या नावावर. मी तेव्हा फार बोलले नाही. तुझी आई समोर बसली होती, तिला आधीच घोर लागलेला. आज निवांत सांगते. आपल्या बीड जिल्ह्यातून बाहेर पडायच्या तयारीत तुझ्यासारख्या आणखीही पोरी असतील, त्यांनीही ऐकावं.

तू का निघालीस हे मला विचारायची गरज नाही. बी.एड. झालं, टीईटी झाली, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर डोळे लावून बसलीस, मधली वर्षं तासिका तत्त्वावर काढलीस. माझीही गोष्ट हीच होती. २००९ साली मी एका विनाअनुदानित शाळेत चौथं वर्ष शिकवत होते आणि पगाराचा एक रुपया हातात नव्हता. कायम व्हायचं तर संस्थेला इतके द्या म्हणाले. तो आकडा ऐकून आई रात्रभर जागी राहिली. आम्ही ऊसतोडीची, कोयत्यावरची माणसं, इतके पैसे बघितले कुणी? त्यानंतर मी मालदीवच्या जागेसाठी अर्ज केला. २०१० च्या जानेवारीत परळीला रेल्वेत बसले, दक्षिणेकडं गेले आणि तिरुअनंतपुरमहून विमान धरलं. सहा वर्षं राहिले. त्या सहा वर्षांतलं जे कामाचं आहे तेवढंच सांगते.

आधी पैशाचं, कारण तुझ्या आईसमोर मी हेच गिळलं होतं.

उचल घेऊन जाऊ नकोस. उचल म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दसऱ्याआधी मुकादमाकडून पैसे उचलायचे आणि सगळा हंगाम ते फेडत मोळ्या बांधायच्या. हंगाम संपला तरी फिटले नाहीत तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टोळीत. परदेशी नोकरीच्या एजंटाला सावकाराकडून पैसे काढून देणं म्हणजे तीच उचल, फक्त कागद इंग्रजीत. माझ्याबरोबरच्या एका बाईनं अशी उचल घेतली होती. बेटावरचं तिचं पहिलं वर्ष केवळ व्याजात गेलं आणि शाळेत तिला जाच झाला तेव्हा तिला नोकरी सोडताही येईना. कर्ज डोक्यावर असलं की माणूस नाही म्हणू शकत नाही. म्हणून तुझं पत्र कुणामार्फत आलं ते नीट बघ. एजंट असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडं नोंदलेला आहे का, हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर तपास. पर्यटक म्हणून जा, तिथं गेल्यावर नोकरीचे कागद करू, असं कुणी म्हणालं तर तिथंच थांब. भारतीय माणसाला पर्यटक म्हणून तिथं उतरल्यावर काही दिवस राहता येतं हे खरं, पण त्यावर काम करता येत नाही. कामाची परवानगी निघण्याआधी हातात पाहिजे. पदवीच्या कागदांची पडताळणी तिथली मालदीव क्वालिफिकेशन्स अथॉरिटी करते, त्यामुळं विद्यापीठाची गुणपत्रकं, पदवी, पोलिसांचा दाखला यांच्या तीन-तीन प्रती कर. करारात राहायची जागा कोण देणार, वर्षातून एकदा घरी यायचं भाडं कोण भरणार आणि मधेच सोडलं तर काय, या तीन ओळी शोध. नसतील तर लिहून मागव. आणि पासपोर्ट आपल्याच पेटीत ठेव. दाखवायचा, नोंदवायचा आणि परत घ्यायचा.

पगार रुफियात मिळेल. एका डॉलरला जास्तीत जास्त १५.४२ रुफिया असा तिथला सरकारी दर कितीतरी वर्षांपासून बांधलेला आहे. पण डॉलरची तिथं चणचण असते, आणि घरी किती पाठवता येतील याच्या मर्यादा मधूनमधून बदलतात. राजधानी मालेत स्टेट बँकेची शाखा १९७४ पासून आहे. गेल्या गेल्या तिथं जाऊन आजचा नियम विचार, आणि मगच घरी किती पाठवीन ते भावाला कळव. आधीच आकडा सांगून बसलीस तर तो आकडा तुझ्या मानेवर बसेल. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे स्वतःसाठी ठेव. मी हे केलं नव्हतं. पहिला सगळा पगार घरी पाठवला आणि महिनाभर चहा आणि रोशीवर, म्हणजे तिथल्या चपातीवर, काढला.

हे झालं व्यवहाराचं. आता खरं सांगते.

परमुलखात राहायचं कसं हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, माझ्या आईनं शिकवलं. ती वीस-बावीस हंगाम सांगली-कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेली. ट्रॅक्टरनं फडाकडेला सोडलं की पाचट, बांबू आणि ताडपत्रीची कोपी उभी राहायची. बाकीच्या बाया दमून गाठोड्यावर बसायच्या, ही मात्र आधी तीन दगड शोधायची. पहिल्या दिवशी चूल. दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता धरायच्या आधी कोपीपुढचं हातभर अंगण सारवायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टोळीतल्या बाईकडं जाऊन तिचं गाव विचारून यायची. मी एकदा म्हणलं, सहा महिन्यांनी सोडून जायचंय, कशाला सारवायलीस? तर म्हणाली, ‘सहा महिने काय उसने आणलेत का गं? ते दिस बी माझ्याच आयुष्यातले हायेत.’

बेटावर पहिल्या रात्री मला हे आठवलं. खोलीत एक पलंग, एक पंखा, भिंतीवर आधीच्या शिक्षिकेनं चिकटवलेल्या कॅलेंडरचा अर्धा कागद. त्यावर तिनं दिवस खोडत नेलेले होते, रोज एक फुली. मी तो कागद काढला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानातून तवा आणला आणि भाकरी थापली. माझ्या बॅगेत दोन किलो ज्वारीचं पीठ होतं. तूही ने, पण दोन किलोच, तिथल्या दमट हवेत पीठ लवकर धरतं. मालदीवला मी आनंदानं गेले होते असं नाही, पण राहिले ती आनंदानं, आणि त्याची सुरुवात त्या तव्यापासून झाली. माझ्यासोबत आलेली एक मुलगी शेवटपर्यंत पेटीतूनच कपडे काढत राहिली. कपाट होतं, पण तिनं एक साडी त्यात ठेवली नाही. ती वर्षाच्या आत परतली. माझं ठाम मत आहे की तिला त्या बेटानं घालवलं नाही, त्या बंद न झालेल्या पेटीनं घालवलं.

पाण्याबद्दल सांगते, कारण आपण दुष्काळातली माणसं आणि तुला वाटेल चहूकडं पाणीच पाणी. मी विमानातून खाली बघितलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. त्या देशात सुमारे १२०० बेटं आहेत, माणसं राहतात ती दोनशेच्या आत. सगळी जमीन एकत्र केली तर जेमतेम ३०० चौरस किलोमीटर. आपल्या बीड जिल्ह्यात असे पस्तीस मालदीव मावतील. समुद्रापासून सगळ्यांत उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरसुद्धा नाही. मी जायच्या तीनच महिने आधी, १७ ऑक्टोबर २००९ ला, तिथल्या मंत्रिमंडळानं समुद्राच्या पाण्याखाली बैठक घेतली होती. समुद्र वर चढतोय आणि आमचा देश जाईल, हे जगाला दाखवायला. पेपरात फोटो आला, आईनं तो हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि कापून ठेवला.

पण पिण्याचं पाणी? पावसाचं. प्रत्येक घराच्या छपराला पन्हळ आणि खाली टाकी. विहिरी आहेत, पण पाणी मचूळ, अंघोळीपुरतं, त्यानं केस राठ होतात. जानेवारी ते एप्रिल पाऊस रुसतो, टाक्या तळाला जातात, आणि मग लहान बेटांना बोटीनं पाणी पोचवावं लागतं. टाकीवर वाजवून किती उरलंय ते बघणाऱ्या बायका मी तिथं बघितल्या तेव्हा मला वाटलं, मी धारूरच्या टँकरपुढंच उभी आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुट्टीला घरी यायला म्हणून मी मालेत होते. ४ तारखेला समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि सगळ्या राजधानीचे नळ कोरडे पडले. आपल्या देशानं हवाई दलाच्या विमानांतून आणि आयएनएस सुकन्या या जहाजातून पाणी पाठवलं. मी घागरी-बाटल्यांच्या रांगेत होते. पुढं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी इथं परत आलेली होते, आणि माझ्या तिथल्या एका विद्यार्थिनीनं फोन करून विचारलं, ‘मिस, तुमच्याकडं पाणी आलं का?’ तिच्याशिवाय बाहेरच्या कुणी मला हे विचारलं नव्हतं.

तर पाणी जपून वापरायची आपली सवय तिथं सोडू नकोस. शेजारणी ते बघतात. वाया न घालवणारी बाई म्हणून माझी ओळख महिनाभरात झाली, शिकवणारी म्हणून व्हायला वर्ष लागलं.

आता भाषा. तिथली भाषा धिवेही. लिहितात ताना लिपीत, उजवीकडून डावीकडं. पाट्या बघून पहिल्यांदा छातीत धस्स होतं. पण तू गणिताची आहेस ना, तुला एक गंमत वाटेल अशी गोष्ट सांगते. त्या लिपीतली पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. एक ते नऊ हीच त्यांची मुळाक्षरं. हे मला तिथल्या एका वयस्क धिवेही शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवलं आणि त्या दिवसापासून ती लिपी मला परकी राहिली नाही.

आणि कान उघडे ठेव. पहिल्या आठवड्यात मी मैदानाकडेला उभी होते. लहान मुलं खेळायला गट पाडत होती आणि मोजत होती: एके, दे, तिने, हतरे, फहे, हये, हते, अशे, नुवए, दिहये. मी पुन्हा ऐकलं. एक, दोन, तीन, चार, पाच. चारचा हतरे, पाचचा फहे, आठचा अशे. आपल्या ‘प’च्या जागी त्यांचा ‘फ’, ‘च’ आणि ‘स’च्या जागी बऱ्याचदा ‘ह’. म्हणून पाणी म्हणजे फेन, चांद म्हणजे हंदु. मासा म्हणजे मस, दिवस म्हणजे दुवस. मीठ म्हणजे लोणु, आणि आपण लोणचं म्हणतोच की. धिवेही ही आपल्या मराठीसारखीच संस्कृताच्या कुळातली, सिंहलीची सख्खी बहीण. समुद्रापार गेलेली लांबची चुलत बहीण भेटावी तसं मला झालं. घरोघरी अंगणात झोपाळा असतो, त्याला उंदोली म्हणतात. कानाला हिंदोळ्याच्या किती जवळचं वाटतं बघ. दोरीच्या जाळीची बसायची खुर्ची असते, ती जोआली. संध्याकाळी आज्या तिथं बसतात. वर्गातून बाहेर पडून थेट खोलीत जाऊ नकोस, त्या जोआलीत जाऊन बस. माझी भाषा तिथंच झाली. रोज पाच शब्द वहीत लिहायचे, देवनागरीतच लिहायचे, आणि दुसऱ्या दिवशी चुकीचे का होईना पण बोलून टाकायचे.

वर्गात मात्र सगळं इंग्रजीतून. धिवेही आणि इस्लाम हे विषय सोडले तर बाकीचं शिक्षण इंग्रजी माध्यमातून, आणि दहावीला केंब्रिजच्या परीक्षा. तू मराठी माध्यमातली, तुला याचीच सगळ्यांत जास्त भीती आहे, हे मला परवाच कळलं. ऐक. त्या मुलांचीही घरची भाषा इंग्रजी नाही. तुझ्यासारखीच तीही उसन्या भाषेत गणित करतात. तुझं इंग्रजी फाडफाड नसणं तिथं तोट्याचं नाही. तू सावकाश बोलशील, प्रत्येक शब्द फळ्यावर लिहिशील, आकृती काढशील, आणि मागच्या बाकावरच्या पोराला पहिल्यांदा समजेल की अपूर्णांक म्हणजे काय. माझ्या उच्चारांना पोरं पहिल्या आठवड्यात हसली. मी रागावले नाही आणि त्यांना तो शब्द धिवेहीत म्हणायला लावला. मग मी म्हणून दाखवला, वर्ग पुन्हा हसला, आणि त्या दोन हसण्यांत आमची फिटंफाट झाली. पाठाचं नियोजन मात्र रोज लेखी ठेव, तिथं ते बारकाईनं तपासतात आणि ते योग्यच आहे.

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, मिस, तुम्ही कधी जाणार? मला वाटलं, मी हिला आवडले नाही. नंतर कळलं, तो प्रश्न त्या शाळेत प्रत्येक नव्या शिक्षकाला विचारला जातो. दूरच्या बेटांवर गणित-विज्ञानाला बाहेरचे शिक्षक, बरेचसे आपल्या केरळ-तमिळनाडूचे. करार संपला की जातात, काही मधेच जातात. त्या मुलीनं चार वर्षांत गणिताचे पाच शिक्षक बघितले होते. ती विचारत होती की तुमच्यात जीव गुंतवायचा की नाही.

आणि मी कोण होते? मी ती पोरगी होते जी दिवाळीच्या आसपास शाळेतून नाहीशी व्हायची आणि पाडव्याला परत यायची. पहिली दोन वर्षं आई-बापाबरोबर फडावर, पुढं आजीजवळ गावात. माझ्यासारख्यांचं नाव पटावर असायचं पण गुरुजी आमच्यावर मेहनत घ्यायचे नाहीत, कारण आम्ही जाणार हे त्यांना माहीत होतं. फक्त एका बाईंनी घेतली. त्या माझ्यासाठी पाटीवर दिवाळीआधीच पुढचे पाढे लिहून द्यायच्या, फडावर पाठ कर म्हणून. इथं पोरं शाळा बदलत होती, तिथं पोरांसमोरचे शिक्षक बदलत होते. दुखणं एकच.

आणखी एक साम्य होतं, ते कळायला मला वर्ष लागलं. पालकसभेला आयाच येत, किंवा आज्या. वडील कुठं? रिसॉर्टवर. तिथं एकेक रिसॉर्ट म्हणजे एकेक वेगळं बेट. कामाला गेलेला माणूस तिथंच राहतो, घरी महिन्या-दोन महिन्यांनी येतो. कुणाचे वडील मासेमारीच्या बोटीवर, कुणाची आई शिक्षणापायी थोरल्या भावंडांबरोबर मालेत. पोरं आजीजवळ. आपल्या वडवणी-धारूर-केज-पाटोद्याच्या गावांत नोव्हेंबरात फिरून बघ, ओसरीवर आजी आणि नातवंडंच दिसतील. मी त्या वर्गातल्या मुलांच्या वह्या उघडल्या की कुणाला घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही ते मला अक्षरावरून कळायचं. त्यांच्यासाठी मी रोज संध्याकाळी तासभर शाळेच्या पायरीवर बसायला लागले. पगारात ते नव्हतं. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी म्हणलं, आमच्या जिल्ह्यात अशी मुलं खूप आहेत, मला त्यांची सवय आहे.

तू गेल्यावर तुलाही कुणीतरी विचारेल, कधी जाणार. खोटं सांगू नकोस. दोन वर्षांचा करार आहे, दोन वर्षं पूर्ण राहीन, मधे जाणार नाही, असं सांग. आणि राहा. मधेच इथली जागा निघाली, पवित्र पोर्टलवर नाव लागलं, तर शैक्षणिक सत्र संपवून ये. तेवढी मुभा आधीच मागून घे. परीक्षेच्या तोंडावर दहावीचा वर्ग सोडून आलीस तर मला भेटायला येऊ नकोस, इतकं मला याचं वाटतं.

राहणीमानाचं थोडक्यात. रविवार ते गुरुवार शाळा, शुक्रवार-शनिवार सुट्टी. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. शाळेत आणि बाहेरही पूर्ण बाह्यांचा सलवार-कुर्ता घाल. देश पूर्ण मुस्लिम आहे आणि कायदे कडक आहेत. पूजेच्या मूर्ती, दारू, डुकराचं मांस देशात न्यायला मनाई आहे. देवघरातली अन्नपूर्णा बॅगेत घालायचा हट्ट आईला करू देऊ नकोस. मी योगेश्वरीला मनातच नमस्कार करायचे, आणि तो कमी पोचला असं मला कधी वाटलं नाही. नमाजाच्या वेळेला दुकानं थोडा वेळ बंद होतात, तर मीठ-तेल आधी आण. रमजानात दिवसा कुणासमोर पाणीसुद्धा पिऊ नकोस. शाळेची वेळ तेव्हा बदलते, मुलं दुपारपर्यंत सुकतात, अवघड धडे सकाळीच घे. संध्याकाळी शेजारणी ताट पाठवतील. रिकामं ताट परत करू नकोस, हे तर तुला सांगायलाच नको, आपल्याकडंही तीच रीत आहे.

खाणं म्हणजे मासे आणि नारळ. सकाळी मस हुनी, म्हणजे बारीक केलेला टूना, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि लिंबू, त्याबरोबर रोशी. दुपारी गरुधिया, माशाचं पातळ सार. पहिले पंधरा दिवस वासानं पोट ढवळतं, मग तेच हवंसं वाटतं. तिथली मिरची, गिथेयो मिरुस, आपल्या लवंगीला मागं टाकते. शेजारच्या आजीनं मला ती मूठभर दिली, मी तव्यावर भाजून मीठ-लसूण घालून ठेचा केला आणि तिला नेऊन दिला. तिनं डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला आणि पुन्हा मागितला. नंतर मी येसर आमटी केली. येसर काय असतं ते तिला कसं सांगू? धान्य-डाळी-मसाले भाजून कुटायचे, लग्नाच्या पंगतीची आमटी. तिनं तिच्या घरचा मासा त्यात सोडला. आपल्याकडं कुणी ऐकलं तर नाक मुरडेल, पण मी आजही इथं तशी करते.

पोहणं मला येत नव्हतं. आपल्याकडं पोरं विहिरीत उड्या मारतात आणि पोरींनी काठावर कपडे सांभाळायचे. पहिलं वर्षभर मी समुद्रात घोट्यापुढं गेले नाही. मग आठवीच्या पोरींनी मला अंगभर कपड्यांतच खाजणीच्या शांत पाण्यात नेलं, दोघींनी पाठीखाली हात धरले आणि म्हणाल्या, मिस, मान सोडा. मी त्यांना वर्गात हजार वेळा सांगत असे, घाबरू नका, पायरी-पायरीनं जा. त्या दिवशी त्यांनी मला माझ्याच आवाजात सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी तरंगले. तू हे पहिल्याच महिन्यात शीक. बेटावर राहायचं आणि पाण्याला भ्यायचं, हे धोक्याचंही आहे.

एकटं वाटेल. दुपारी तीन ते पाच ही वेळ वाईट, आणि पावसाळ्यात बोटी बंद पडतात तेव्हा फार. घरी रोज व्हिडिओ कॉल करू नकोस. मला तेव्हा आठवड्यातून एकदाच फोन परवडायचा आणि आता वाटतं ते बरंच झालं. रोज दिसलीस की आई रोज विचारेल, वाळलीस का गं, आणि तू रोज रडशील. दोन दिवसांआड बोल, पण निवांत बोल. एखाद्या दिवशी फारच झालं तर दार लावून रड आणि मग बाहेर ये. पहाटे तिथल्या बायका हिराच्या झाडूनं रस्ते झाडतात. मी त्यांच्यात जाऊन झाडू धरायचे.

राजकारणात पडू नकोस. २०२४ च्या जानेवारीत दोन्हीकडच्या लोकांनी समाजमाध्यमांवर एकमेकांना नको ते बोलून घेतलं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी त्या आठवड्यात मला निरोप पाठवले, मिस, आम्ही तसे नाही. मी उलट लिहिलं, आम्हीही नाही. शिक्षकांच्या खोलीत कुणी विषय काढला तर वह्या तपासायला घे. तुझ्यावरून तिथली चाळीस घरं बीडला ओळखणार आहेत, हे विसरू नकोस.

मी निघाले तेव्हा बीड शहराला रेल्वे नव्हती. आता १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरची गाडी सुरू झाली आहे, म्हणजे तुला निघताना आईला स्टेशनपर्यंत तरी नेता येईल. तिला ने. तिनं तुला गाडीत बसलेलं बघितलं पाहिजे. माझी आई परळीच्या फलाटावर उभी होती आणि गाडी हलताना ओरडून एवढंच म्हणाली, पहिल्या दिवशी चूल मांड.

निघायच्या आदल्या रविवारी ये. येसर ताजं कुटून ठेवते, दोन डबे. एक तुझा, आणि एक त्या बेटावर तुझ्या शेजारी जी कुणी आजी असेल तिचा.